मीठवाल्यांचा मामा

सापगाव सोडून मुरबाड रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक फाटा येतो. तिथून पाच मिनिटं आत रविनाचं घर. त्या घराच्या ओटीवर, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरपासून मीटरच्या पेटीपर्यंत, त्या आठवड्यात जगात कुठंच नसलेली माणसं भिंतीला चिकटून उभी होती. जंगलात राहणारी उंबार माणसं, खाऱ्या किनाऱ्यावरची झोरान, बर्फातली थिलोक आणि वाळवंटातली रुखेश. सगळी सुंदर, सगळी उंच, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर पोट साफ न झाल्यासारखा गंभीर भाव.

ही नावं रविनाची नव्हेत. मुंबईत गेम बनवणाऱ्या एका कंपनीनं ती दिली होती. रविनानं कल्याणला जाऊन दोन वर्षं चित्रांचा कोर्स केला होता, आणि कंपनीनं तिला परीक्षा म्हणून या चार मुलखांचे कपडे चित्रात काढायला सांगितले होते. जमले तर नोकरी पक्की. तिनं काढले, पाठवले, आणि कंपनीच्या संजीवनी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर गोड आवाजात त्यांचा निकाल लावला.

"चित्रं मस्त आहेत. पण हे लोक सकाळी उठून काय काम करतात ते कपड्यांवरून कळतच नाही. आणि चौघं एकमेकांना आयुष्यात कधी भेटलेले नाहीत असं वाटतं. एकाच जगातले वाटायला हवेत ना? शनिवारी चार वाजता पुन्हा दाखव. मग मला ठरवावंच लागेल."

ठरवायला इकडेही एकजण तयारच होता. रविनाचा थोरला भाऊ किशोर वाशिंदच्या एका कारखान्यात होता. त्यानं तिथं पॅकिंगला तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "शनवारी नाय जमलं तर सोमवारी माझ्याबरोबर यायचं," तो म्हणाला होता. किशोर वाईट नव्हता. पण खोक्यांना टेप लावता लावता आपण म्हातारी होणार, हे चित्र रविनाला भिंतीवरच्या सगळ्या चित्रांपेक्षा स्पष्ट दिसत होतं. ते दिसलं की तिला जेवण जात नव्हतं.

अशात बुधवारी सकुबाई आली. सकुबाई म्हणजे रविनाची आत्या. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत चाळीस वर्षं सोयरिकी जुळवण्याचा तिचा दांडगा अनुभव. बाई एसटीतून उतरली की नुसत्या तिच्या लुगड्याच्या नेसणीवरून ती कुठल्या गावची लेक आणि कुठल्या गावची सून ते सांगते, असं सकुबाई स्वतःच सांगायची. ती आली, पाणी प्यायली, आणि भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही कोन गो?"

"ही जंगलवाली. खरी नायत आत्या, गेममधली हायत."

"खरी नायत ते दिसतंय," सकुबाई म्हणाली. "एवढा पायघोळ झगा घालून ही जंगलात जाती? करवंदीच्या जाळीत अडकली की तिथंच म्हातारी व्हायची. आन् हिचा कोयता कुठं हाय? कमरेला कोयता अडकवायची आकडी नाय, मंग लाकडं काय दातानं तोडती?"

रविनानं वही उघडली. आत्या पुढच्या चित्राकडे सरकली.

"हा?"

"मीठवाला. समुद्राकाठी मीठ पिकवतात ती लोकं."

"मिठात अनवाणी? पायाला भेगा पडून रडंल हा. मोती कसले घालतंय, आधी पायात कायतरी दे त्याच्या." मग ती बर्फातल्या थिलोक योद्ध्यापाशी थांबली. त्याला रविनानं मानेभोवती जाड लोकर दिली होती आणि छाती उघडी ठेवली होती, कारण तिथं गोंदण दाखवायचं होतं. सकुबाईला मनापासून वाईट वाटलं. "बर्फात छाती उघडी? याची आई जित्ती नाय काय गो?"

वाळवंटातल्या माणसाच्या अंगावर अकरा पट्टे होते. सकुबाईनं ते बोटानं मोजले, आणि घाईची लागली तर हा माणूस काय करतो, असा एकच प्रश्न विचारला. रविनानं वही फटकन मिटली. खरं तर तिला आत्याचा राग आला होता. मुंबईच्या मॅडमना जे सांगायला तीन वाक्यं लागली, ते या बाईनं पाणी पिऊन होईस्तोवर सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

"मंग काय करू?" ती चिडून म्हणाली.

"कपडा भिंतीवर कळत नाय," आत्या म्हणाली. "कपडा लग्नात कळतो. पंगतीला बसता येतं का, टेम्पोत चढता येतं का, कडेवर पोर घेता येतं का, आन् नाचताना फाटतो का. एवढं ज्याच्यात जमतं तो कपडा. तू लगीन लाव."

"कुनाचं?"

"जंगलवाल्यांचा पोरगा, मीठवाल्यांची पोरगी. बर्फवाल्यांचं मागनं बगू."

भाताची झोडणी उरकली होती, पेंढा रचून झाला होता, गावाच्या हाताला काम नव्हतं. त्यामुळे हा वेडेपणा आहे असं म्हणायला एक माणूस पुढे आला नाही. रविनाची आई अनिता दुसऱ्याच दिवशी शिलाई मशीन ओटीवर घेऊन बसली. एरवी ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. जंगलवाल्यांसाठी मांडवाचं जुनं हिरवं कापड निघालं. मीठवाल्यांसाठी पांढऱ्या लुंग्या, एक मच्छरदाणी आणि कांद्याच्या जाळीच्या पिशव्या. पायांत ट्रकच्या फुटक्या ट्यूबचे बूट. डोक्यावर, मिठावरचं ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून, भात लावताना घेतात ते पळसाच्या पानांचं इरलं.

नवरदेव किशोर झाला. त्याला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. नवरी व्हायला मात्र गावातली एकही पोरगी तयार होईना, खोटं का होईना, किशोरशी नाव जोडलं गेलं तर पुढं निस्तरायचं कोणी? तेव्हा शेजारची जनाबाई पुढे आली. वय पासष्ट.

"माझं लगीन घाईत उरकलं व्हतं," ती म्हणाली. "भाताची लावनी तोंडावर आलेली. मला धड नाचू पन दिलं नाय कुनी. मी व्हते नवरी." तिच्या नवऱ्यानं, लडकूनं, खाटेवरूनच हात वर करून परवानगी दिली, आणि पंगतीला काय आहे ते विचारलं.

शुक्रवारी मुरबाडकडून भगीरथमामा आला. हा अनिताचा थोरला भाऊ, म्हणजे रविनाचा सख्खा मामा. माणूस सोन्यासारखा. भाचीसाठी जीव टाकणारा. फक्त मानाचा फार हळवा. एका बारशात चहा आपल्याकडे तिसऱ्या नंबरावर आला म्हणून तो पाळण्याची दोरी सोडून उठून गेला होता, आणि ते बाळ आता दहावीला आहे तरी त्या घरात पाऊल ठेवत नव्हता. त्याला पाहताच सकुबाई म्हणाली, "बरं झालं. नवरीला मामा नव्हता, तो आला."

मीठवाल्या पुरुषाचा पोशाख एकच शिवून झाला होता. तो मामाच्या अंगावर असा बसला की चित्रातला मोतीवाला लगेच फिका पडला. मामानं आरशात पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं, आणि त्या क्षणापासून तो मीठवाला झाला.

शनिवारी सकाळी दहाला लग्न लागलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नवरी नकटी नव्हती, पण विघ्नं मोजून तेवढीच आली असावीत. टेम्पोत चढताना किशोरची हिरवी तुमान मागून फाटली. रविनानं वहीत लिहिलं: जंगलवाले, तुमान नको, काष्टा. जनाबाईच्या झग्याला खाली लावलेले शिंपले पंगतीत बसताना असे काही टोचले की ती "आई गं" करून उठली. रविनानं शिंपले काढून मच्छरदाणीच्या पदराच्या टोकाला लावले. तेवढ्यात वारा सुटला आणि सगळ्यांचे पदर उडाले, जनाबाईचा उडाला नाही. शिंपल्यांनी तो खाली धरून ठेवला होता. किनाऱ्यावर वारा असतोच की, असं मनात येऊन रविनाला एकदम हुरूप आला. वालाचं बिरडं सांडलं तेव्हा पांढऱ्या कपड्याचं काय होतं तेही कळलं. मग जेवतानाचं म्हणून एक वेगळं फडकं निघालं. नाचात तर जनाबाईनं पन्नास वर्षांची कसर भरून काढली. ट्यूबच्या बुटांनी तिला इतका जोर आला की नवरदेव दोनदा पळून गेला आणि दोनदा धरून आणावा लागला.

दोन वाजेपर्यंत भिंतीवरची निम्मी चित्रं खोडून नव्यानं काढून झाली होती. दोन्ही पोशाख आता कुणाच्या तरी रोजच्या वापरातले वाटत होते. पण मॅडमचा दुसरा प्रश्न तसाच होता. जंगलवाले जंगलवाल्यांसारखे दिसत होते, मीठवाले मीठवाल्यांसारखे, आणि दोघं एकाच मांडवात उभे असूनही दोन वेगळ्या नाटकांतून चुकून आल्यासारखे वाटत होते. रविना त्याच विचारात होती, आणि म्हणून आहेराकडे तिचं लक्ष राहिलं नाही.

आहेर सुरू झाला होता. सकुबाई नावं पुकारत होती आणि अनिता ताटातून हिरव्या कापडाचे तुकडे एकेकाच्या हातावर ठेवत होती. नवरीचा बाप झाला, आई झाली, काका झाला, लडकूही उगाच झाला. ताट रिकामं झालं. अनितानं ते खाली ठेवलं आणि चहाचं आधण टाकायला आत गेली. मामा राहिला. अनिताचं म्हणणं नंतर असं पडलं की दादा काय घरचाच, आणि लग्न तरी कुठं खरं होतं.

भगीरथमामा उठला. इरलं डोक्यावर नीट बसवलं, मच्छरदाणीचा घोळ खांद्यावर टाकला, आणि ट्यूबचे बूट फटक फटक वाजवत फाट्याच्या दिशेनं चालू लागला.

"गेला!" सकुबाईनं कपाळावर हात मारला. "अनिते, मामाला विसरलीस? नवरीच्या मामाला?"

साडेतीन वाजून गेले होते. मीठवाल्याचा एकुलता एक पोशाख मुरबाडला निघाला होता, आणि तो दाखवल्याशिवाय मॅडमना कॉल लावून उपयोग नव्हता. रविना वही घेऊन धावत सुटली. तिच्या डोळ्यांपुढे वाशिंदच्या खोक्यांचा ढीग उभा राहिला होता.

मामा फाट्यावरच्या बस थांब्यावर बसला होता. रुसणारं माणूस कधी फार लांब जात नाही, समजूत काढणारे धापा न टाकता पोचतील एवढ्याच अंतरावर जातं. जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारसायकली त्याच्यापाशी हळू होत होत्या. तो समोर बघत होता.

"मामा, घरी चल ना."

"कोन मामा? मी मीठवाला."

"अरे, ते लगीन खोटं व्हतं!"

"लगीन खोटं असंल, मी नवरीचा मामा व्हतो ना? खोट्या लग्नात इसरली, मंग खऱ्यात काय करशाल? तुझ्या लग्नात मी कुठं उभा ऱ्हाऊ, सांग." त्यानं मच्छरदाणीच्या टोकानं डोळे टिपले. रविनाच्या लक्षात आलं, की हा नाटक करत नाहीये, याला खरंच लागलंय. आपल्याला चार वाजायची पडली आहे आणि याच्या डोळ्यांत पाणी आहे, याची तिला लाज वाटली. ती त्याच्या शेजारी बसली.

"चुकलं मामा," ती म्हणाली. "माझंच चुकलं. तुला काय मान देऊ सांग. टावेल-टोपी आणू?"

मामानं इरल्याखालून तिच्याकडे पाहिलं. "टोपी? हे डोक्यावर काय हाय मंग? मीठवाले टोपी घालत नायत."

"मंग तुमच्यात मामाला काय देतात?"

हे तिनं समजूत काढायला विचारलं होतं. पण मामा विचारात पडला, अगदी खऱ्या सोयरिकीत पडावा तसा. "हे बग," तो शेवटी म्हणाला, "आमचा पांढरा कपडा आमाला देऊन काय उपेग? तो आमच्या घरी हायच. जंगलवाल्यांनी त्यांचा कपडा द्यायचा. हिरवा. तो मी खांद्यावर टाकनार. म्हंजे मी बाजाराला गेलो की लोकं म्हणतील, याची भाची जंगलात दिलीय. उद्या दुसरी भाची बर्फात दिली की त्या खांद्यावर लोकर. ज्याच्या खांद्यावर जास्त कपडे, त्याचा गोतावळा मोठा. त्याला बसायला आधी जागा."

रविना त्याच्याकडे बघतच राहिली. कामाचा कपडा आपला, मानाचा कपडा दुसऱ्याचा. चार मुलखांची माणसं एका जगात आहेत हे कसं दाखवायचं म्हणून ती आठ दिवस डोकं आपटत होती, आणि उत्तर बस थांब्यावर रुसून बसलं होतं. तिनं मामाच्या गळ्यात हात टाकले. इरलं वाकडं झालं.

"आधी कपडा," मामा म्हणाला. "मंग गळ्यात पड."

तेवढ्यात गावातून अख्खं लग्नच येताना दिसलं. पुढे हिरवा तुकडा दोन्ही हातांवर धरून रडवेली अनिता, मागे सकुबाई, फाटक्या तुमानीवर टॉवेल गुंडाळलेला किशोर, आणि नाचायची संधी पुन्हा मिळते का ते बघत जनाबाई. आणि नेमकी त्याच वेळी समोरून मुरबाडची एसटी आली. मामानं सवयीनं हात केला. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि बाहेरची वरात पाहिली.

"काय झालं?"

"नवरीच्या मामाचा मान ऱ्हायला," सकुबाईनं सांगितलं.

नवरी पासष्टची का, मामा मच्छरदाणीत का, हे कुणीच विचारलं नाही. खिडकीतली एक बाई मात्र भडकली. "मामाला विसरलात? काय मानसं तुमी!" मागच्या सीटवरून दोघा-तिघांनी तिला दुजोरा दिला. कंडक्टरनं घड्याळ पाहिलं. "उरका लौकर. मान झाल्याबिगर बेल मारत नाय मी."

मग मामाचा मान झाला. अनितानं भावाच्या पायावर डोकं ठेवलं, किशोरनं जंगलवाल्यांतर्फे हिरवा कपडा त्याच्या खांद्यावर घातला, एसटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि भगीरथमामाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमी जावा," त्यानं कंडक्टरला सांगितलं. "मी ऱ्हातो आता दोन दिस." गाडी गेली.

आणि रविनाचा फोन वाजला. चार वाजले होते. घरी जायला वेळच नव्हता. तिनं तिथंच, रस्त्याच्या कडेला, कॉल घेतला. वहीतली पानं दाखवली, शिंपल्याचा पदर जनाबाईकडून हलवून दाखवला, आकडी दाखवली, बूट दाखवले. मॅडम नुसत्या "हं, हं" करत होत्या. त्या "हं"चा अर्थ लागत नव्हता.

"तो खांद्यावरचा हिरवा पट्टा?" मॅडमनी एकदम विचारलं. "तो तर जंगलवाल्यांचा आहे ना?"

रविनानं सांगितलं. दुसऱ्याचा कपडा, मानाचा कपडा, बाजारात कुणाकडे बघून काय कळतं, सगळं. मॅडम पेन चावत होत्या.

"मग राजा काय घालेल?" त्या म्हणाल्या. "आमच्या गेममध्ये शेवटी एक राजा आहे. चारही मुलखांवर त्याचं राज्य आहे."

हे रविनाला माहीतच नव्हतं. मागून सकुबाईनं तोंड घातलं. "त्याची सोयरीक कुठं झालीय?"

"त्याचं लग्न नाही झालेलं, आजी."

"वय काय?"

"साडेतीनशे वर्षं."

सकुबाईनं पदर तोंडाला लावला. "अरे द्येवा. कुनी मामा, मावशी?"

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "एकटाच असतो किल्ल्यात."

"मंग खांदा रिकामाच हाय त्याचा," भगीरथमामा हळूच म्हणाला. "अंगावर सोनं कितीबी घाला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं आम्ही बसून विचार करतोय, हा राजा सगळ्यांशी का लढतो. कुणाला धड कारणच सापडत नव्हतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रविना, सोमवारी ऑफिसला ये. राजापासून सुरू कर."

रविना रस्त्यातच मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडू लागली. किशोरनं वाशिंदला फोन लावून पॅकिंगवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर तोही नाक ओढू लागला. जनाबाईला वाटलं, वाईट बातमी आहे, म्हणून तिनं गळा काढला. भगीरथमामा भाचीसमोर उकिडवा बसला आणि आपल्या खांद्यावरच्या हिरव्या कापडाचं टोक त्यानं तिच्यापुढे केलं.

"पूस डोळे," तो म्हणाला. "पन शेंबूड नको लावूस हां. मानाचा हाय."